मांडवीच्या काठची रंगीत घरे

आमच्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचे पुस्तक उघडावे लागत नाही. उन्हाळ्यात कयाधूच्या पात्रात मुले क्रिकेट खेळतात, यावरून कुणीही ओळखावे. तरी समुद्राशी आमचे अगदीच नाते नाही असेही नाही. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला भेटली की दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमचे पाणी समुद्रावर जाते. पण जाते ते पूर्वेला, आणि जाताना आम्हाला विचारीत नाही. माणसांनी समुद्र पाहायचा तो पश्चिमेला, मुंबईस. तोही दवाखान्याच्या नाहीतर मंत्रालयाच्या कामातून अर्धा तास काढून, चणे खात.

आमच्या आत्याने तर तेवढाही पाहिला नव्हता. तिचे वय ऐंशीच्या पुढे. पण प्रवासाला ती कधी मागे हटली नाही. पंढरपूर तर तिचे माहेरच. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला श्रावणातला एक सोमवार चुकायचा नाही. काशी झाली, रामेश्वर राहून गेले. आमच्या जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले होते. तिथे २०१५ साली साहित्य संमेलन भरले, तेव्हा ही बाई तिकडेही जाऊन आली. "देव सगळे पाहून झाले," ती म्हणे, "समुद्र तेवढा राहिला."

अशात माझा भाचा ब्राझीलहून परत आला. तो तिकडे कंपनीच्या कामाला गेला होता आणि सुटीत साल्वादोर नावाचे बंदर पाहून आला होता. मोबाइलवरची चित्रे त्याने आत्यापुढे धरली. टेकडीवर चढत गेलेल्या गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंना निळी, पिवळी, गुलाबी, हिरवी घरे. आत्याने चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाली, "अगं माय! पोळ्याच्या बैलावाणी रंगवलीत की घरं!" मग थोड्या वेळाने, "इकडं जवळपास नाही का असं काही?"

आहे, आणि तेही त्याच हातचे. साल्वादोर पोर्तुगिजांनी १५४९ साली वसवले आणि १७६३ पर्यंत ती ब्राझीलची राजधानी होती. गोवा त्यांनी १५१० साली घेतला होता. म्हणजे ही दोन्ही गावे एका सासूच्या दोन सुना. गंमत अशी की ब्राझीलचा शोधच मुळी हिंदुस्थानच्या वाटेवर लागला. सन १५०० मध्ये पेद्रू काब्राल तेरा जहाजे घेऊन लिस्बनहून निघाला तो कालिकतला यायला. वारा धरण्यासाठी तो पश्चिमेकडे वळला, आणि २२ एप्रिलला त्याला अनोळखी किनारा दिसला. तिथे दहा-एक दिवस मुक्काम करून तो पुन्हा निघाला आणि सप्टेंबरात कालिकतला पोचला. पुढे गोव्याची किती तरी जहाजे साल्वादोरला थांबत. ब्राझील लांब असेल, पण ब्राझीलची जाऊ पणजीत नांदते आहे. मनात म्हटले, चला.

दसरा झाला होता आणि दिवाळीला पंधरा दिवस होते. सोयाबीन घरात आले होते. हळद शेतात उभी होती, पण ती माघ-फाल्गुनापर्यंत कुणाला हाक मारीत नाही. भाड्याची जीप केली. मी, सौ., आत्या आणि दहा वर्षांची नात. आत्याने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, त्याबरोबर वसमतच्या हळदीच्या चार पुड्याही. या वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून आत्या तिला 'मानाची हळद' म्हणते. सौ. म्हणाली, "आत्याबाई, आपण लॉजवर उतरणार. हळद द्यायची कुणाला?" आत्या म्हणाली, "कुणाच्या तरी दारात बसूच की नाही? रिकाम्या हातानं बसायचं का?" पुढे कळले की सगळ्यांत शहाणी तीच होती.

नांदेड, लातूर, सोलापूर करीत कोल्हापुरास मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट उतरलो, तशी माती लाल झाली. काळ्या जमिनीवर जन्म काढलेल्या आत्याला त्याचे मोठे नवल. "हळद आपली आणि कुंकू इथलं," ती म्हणाली. तिसऱ्या प्रहरी पणजी गाठली आणि सामान टाकून तडक मिरामारला गेलो. मांडवी नदी तिथे समुद्राला मिळते.

वाचकहो, ऐंशी वर्षांच्या माणसाने पहिल्यांदा समुद्र पाहिला म्हणजे काय होते, याविषयी माझी काही कल्पना होती. तसे काहीच झाले नाही. आत्याने वाकून पाणी डोळ्यांना लावले, पुडी सोडून चिमूटभर हळद लाटेवर वाहिली आणि बराच वेळ उभी राहिली. मग विचारले, "हे पाणी जातं कुठं?" म्हटले, "कुठे जात नाही, आत्या. इथेच असते." ती म्हणाली, "मग आपली कयाधूच बरी. थोडी असली तरी जाते." नात तोवर पाणी चाखून तोंड वाकडे करून आली होती.

रंगीत घरे पाहिली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आल्तिन्यूच्या टेकडीच्या पायथ्याशी फोंताइन्यास म्हणून वस्ती आहे. तिथे टेकडीतून येणारा झरा आहे, आणि झऱ्याला पोर्तुगीज भाषेत 'फोंत' म्हणतात; त्यावरून हे नाव. शेजारच्या भागाला मात्र लोक 'मळा' म्हणतात. आत्याने लगेच विचारले, "मळा म्हणता तर शेत कुठाय?" शेत नव्हे, पण इथे माडांची बागायत होती खरी. अठराव्या शतकाच्या शेवटी आंतोनियु जुआंव द सिकैरा नावाच्या गृहस्थाने इथे वस्तीचा पाया घातला. आफ्रिकेत मोझांबिकला पैसा मिळवून तो परतला होता, म्हणून लोक त्याला 'मोस्मीकार' म्हणत. तिकडे जुन्या गोव्यात रोगराईने माणसे टिकेनात, म्हणून कारभार हळूहळू पणजीत आला आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. मग कारकून, वकील, अंमलदार यांनी या चिंचोळ्या गल्ल्यांत घरे बांधली. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छपरे, लाकडी सज्जे, काही जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने, आणि दारापुढे दोन्ही बाजूंना बसायच्या ओट्यांची पडवी. तिला तिकडे बाल्कांव म्हणतात. पांढरा रंग चर्चचा, म्हणून घरांना बाकीचे सगळे रंग, अशी रीत सांगतात. वर टेकडीच्या उतारावर मारुतीचे देऊळ आहे. खाली सेंट सेबॅस्टियनचे छोटे चर्च आहे, आणि त्यातला क्रूस एके काळी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. लोकांच्या धर्माची झडती घेणारे ते न्यायासन १५६० साली बसले आणि १८१२ साली कायमचे उठले. साल्वादोरच्या रंगीत चौकाला 'पेलोरिन्यो' म्हणतात, त्याचा अर्थ भाच्याने सांगितला होता: गुलामांना बांधून फटके मारायचा खांब. चाळीस लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून ब्राझीलच्या बंदरांवर उतरवली गेली. रंग सुंदर असतात, पण कशाकशावरून हात फिरवला आहे, तेही प्रवाशाला ठाऊक असलेले बरे.

एका निळ्या घरापुढे गर्दी दिसली. लग्न ठरलेले एक जोडपे आणि त्यांचा छायाचित्रकार त्या घराच्या बाल्कांवावर ठाण मांडून होते. ओट्यावर कपड्यांची पेटी उघडी पडली होती. वधू तिसरे पातळ बदलून आली असावी, कारण दोन कठड्यावर वाळत घातल्यासारखी लोंबत होती. दारावर 'फोटो काढू नयेत' अशी पाटी होती, आणि त्या पाटीला टेकूनच वरराज उभे होते. इतक्यात दार उघडले आणि पंच्याहत्तरीच्या एक बाई बाहेर आल्या. त्या फार काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "हें घर, स्टुडियो न्हय." मंडळी कुरकुरत पेटी उचलून पुढच्या पिवळ्या घराकडे गेली.

आत्या चालून दमली होती. ती पायरीखालीच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, जरा टेकू का इथं?" बाईंनी तिच्याकडे पाहिले, तिच्या नऊवारीकडे पाहिले. "येयात, बसात," त्या म्हणाल्या, आणि मग, "तुमी खंयचीं?" आत्याने हिंगोली सांगितले. बाईंना ते गाव कुठले ठाऊक असणार? पण आत्याने हळदीची पुडी पुढे केली आणि बाईंनी ती नाकाशी धरली. तेव्हापासून दोघींची ओळख किती तरी वर्षांची असावी असे बोलणे सुरू झाले. एक कोकणीत बोले, दुसरी हिंगोलीच्या मराठीत. मधून मधून मी दुभाषा, आणि बहुतेक वेळ माझी गरजच नव्हती.

बाई म्हणाल्या, रंग हा हौसेचा भाग नाही. आमच्याकडे वर्षाला आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस पडला की सुगी. पणजीत तो अडीच-तीन हजार कोसळतो. जांभा दगड पाणी धरतो, भिंतींना शेवाळ येते. म्हणून पावसाळा सरला की घर पुन्हा रंगवून घ्यायचे. पूर्वी शिंपले भाजून केलेल्या चुन्यात रंग कालवीत. आता डबे येतात आणि डब्यांच्या किमतीही येतात. एक मुलगा लिस्बनला, दुसरा लंडनला. घराला वारस अकरा, कारण गोव्यात मुलींचाही बरोबरीचा वाटा. अकराजणांच्या सह्या जमल्या तर घर घ्यायला माणसे तयार आहेत. खाली उपाहारगृह, वर पाहुण्यांच्या खोल्या. "मग रंग राहतील," बाई म्हणाल्या, "राहणारे कोण नसेल. रंग आम्ही लावतो आणि फोटो ते नेतात. एक जण तरी विचारतो का, आत कोण आहे?"

आत कोण आहे ते मग आम्हाला दिसले. त्यांचे माहेर त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. १९६१ च्या डिसेंबरात त्या अकरा वर्षांच्या होत्या. वडील पोर्तुगीज कचेरीत कारकून. १८ तारखेला वडिलांनी शिंपल्यांच्या खिडक्या लावून घेतल्या आणि मुलांना पलंगाखाली बसवले. बाणस्तारीचा पूल पोर्तुगिजांनीच उडवला अशी बातमी आली. मांडवीवर तेव्हा पूल नव्हता. पलीकडच्या बेतीला हिंदी सैन्य येऊन थांबले आणि १९ तारखेच्या सकाळी नदी ओलांडून पणजीत आले. लोक रस्त्यात नाचत होते. वडील मात्र दिवसभर खुर्चीत बसून होते. "त्यांना आनंद झाला की भय वाटले, ते मला अजून कळले नाही," बाई म्हणाल्या. "पुढे ते त्याच कचेरीत गेले, त्याच टेबलावर बसले. फक्त भाषा बदलली."

आत्या ऐकत होती. मग तिने आपली गोष्ट सांगितली. आमच्या घरातही ती फार थोड्यांनी ऐकली आहे. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. देश स्वतंत्र झाला होता, पण आमचा मुलूख नव्हता. रझाकार गावात येणार असे कळले त्या रात्री तिच्या काकाने तिला खांद्यावर घेतले आणि पैनगंगा पार केली. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे हिंदुस्थान. पाणी काकाच्या छातीला लागले होते आणि हिच्या हातात पितळी तांब्या होता, तो सोडायचा नाही असे आईने बजावले होते. उमरखेडच्या बाजूला एका अनोळखी घराच्या ओसरीवर त्यांनी पुढचे दिवस काढले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मंडळी परत आली. "त्या बाईचं नाव मला आठवत नाही," आत्या म्हणाली, "पण तिनं आधी बसायला घातलं आणि मग विचारलं, कुठले म्हणून."

पंधरा ऑगस्ट १९४७ या दोघींच्याही वाट्याला आला नव्हता. एकीला तेरा महिने थांबावे लागले, दुसरीला चौदा वर्षे. आणि दोघींच्याही मध्ये एकेक नदी होती. सौ. आणि मी गप्प बसून होतो. नातीने मोबाइल पिशवीत ठेवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्हाला चहाचे बोलावणे आले. परसातल्या कुंड्यांत बाईंनी हळद लावलेली होती. मुळासाठी नव्हे, पानांसाठी! तांदळाचे पीठ पानावर थापायचे, त्यात नारळ आणि गुळाचे चुण घालायचे, पान मिटून वाफवायचे, की झाल्या पातोळ्या. ताटात पान उलगडले तसा जो वास दरवळला, त्याने आत्या अवाकच झाली. "साठ वर्षं हळद केली मी! शिजवली, वाळवली, बाजारात नेली. पानाला असा वास असतो? आमची पानं बांधावर जातात!" बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावे लागले.

ताटात काजू होते, पेरूची वडी होती. तिला तिकडे पेराद म्हणतात. तेव्हा लक्षात आले की साल्वादोर आमच्यापुढेच वाढलेले आहे. काजू मूळचा ब्राझीलचा, आणि त्याचे नावही तिथल्या आदिवासींच्या भाषेतून पोर्तुगिजांच्या तोंडी बसून आपल्याकडे आले. अननस तसाच. पेरूचे झाडही त्याच खंडातले. उत्तरेत ज्याला आलू म्हणतात त्याला आपण बटाटा म्हणतो, कारण पोर्तुगीज 'बटाटा' म्हणत. आणि आत्याच्या शिदोरीतली चटणी? शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, मिरचीही अमेरिका खंडातली. लसूण आणि मीठ तेवढे आपले जुने. समुद्र कधी न पाहिलेल्या हिंगोलीच्या तव्यावर समुद्रापलीकडचा माल किती पिढ्या भाजला जातो आहे, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

उरलेल्या दिवसांत मंगेशीला गेलो. तो देव पूर्वी कुठ्ठाळीला होता. पोर्तुगिजांच्या भयाने १५६० च्या सुमारास भक्तांनी लिंग हलवून नदीपलीकडे नेले, तिथे तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल नव्हता. आत्याने दीपमाळेला हात जोडले आणि म्हणाली, "देवालाही नदी ओलांडावी लागली म्हणायची." बेतीची होडी पाहायची तिची इच्छा होती. पणजीहून फेरीबोटीने पलीकडे गेलो आणि त्याच बोटीने परत आलो. आम्हा पायी माणसांना पैसे पडले नाहीत, याचे नातीला फार कौतुक. गल्लोगल्ली मुले गवत आणि कागद घेऊन नरकासुर उभे करीत होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे ते जाळायचे आणि मग घरोघर फोव, म्हणजे पोहे, खायचे. गोडाचे, ताकातले, नारळाच्या रसातले, असे नाना तऱ्हांचे.

या सदराच्या वाचकांची पत्रे येतात, "अमुक ठिकाणी काय पाहावे, ते थोडक्यात कळवा." म्हणून थोडक्यात सांगतो. पाऊस उघडल्यावर जावे. पणजीला निदान दोन दिवस द्यावेत आणि फोंताइन्यास सकाळी लवकर, पायी हिंडावे. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नये, मग मुले कितीही रडोत. कुणाच्या बाल्कांवावर विचारल्याशिवाय बसू नये आणि खिडकीतून आत डोकावू नये. आपल्या ओसरीवर भलत्यानेच येऊन पातळे वाळत घातली तर आपण काय म्हणू, एवढे आठवले तरी पुरे. आणि बरोबर आपल्या गावचे काहीतरी न्यावे. घराचा रंग रस्त्यावरून दिसतो. घर दिसायला दारात उभे राहून विचारावे लागते. आम्हालाही मग फोटो मिळाला. तो नातीने विचारून काढला आणि त्यात निळी भिंत थोडी आहे, दोन म्हाताऱ्याच जास्त आहेत.

यंदाच्या नागपंचमीला आमच्या घरी दिंडांबरोबर पातोळ्या उकडल्या. शेतातली कोवळी हळदीची पाने आत्याने स्वतः निवडून आणवली. शेजारणी आधी संशयाने आल्या, मग दुसऱ्यांदा मागायला आल्या. पाने वाया जातात म्हणणाऱ्या आमच्या सालगड्याने चार खाल्ल्या. नातीने ताटाचे चित्र पणजीला पाठवले आणि बाईंचे उत्तर त्याच संध्याकाळी आले. घराचे अजून काही ठरलेले नाही. अकरांपैकी सात सह्या झाल्या आहेत, चार व्हायच्या आहेत. त्यांतली एक त्यांची स्वतःची. तोवर पाऊस थांबला की रंग काढायचा आहे, आणि यंदा निळ्याऐवजी पिवळा लावावा असे त्यांच्या मनात आहे. रंगवाल्याला दाखवायला त्यांनी वसमतच्या हळदीची पुडी जपून ठेवली आहे.